दहा हजारांतली माझी आई

आमच्या औसा-उमरग्याच्या पट्ट्यात कुणाचं लग्न कधी झालं, विहीर कधी खोदली, थोरला कधी झाला, हे साल सांगून कुणी सांगत नाही. 'भूकंपाच्या आधी दोन वर्षं', 'भूकंपात पोटात होता', 'भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात झाली' अशी आमची कालगणना. भूकंप म्हणजे 1993 चा, किल्लारीचा. त्या हिशेबानं मी भूकंपात अकरा वर्षांची होते. आई तेव्हा जेमतेम तिशीची. आज मी तिच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी आहे, आणि माझी लेक माझ्या तेव्हाच्या वयाला मागं टाकून पुढं गेली आहे.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव मध्यरात्रीनंतर झोपलं. आबा, म्हणजे माझे वडील, शेतात आखाड्यावर होते. आज्जीला आत कोंडल्यासारखं व्हायचं म्हणून ती आणि मी ओसरीवर पडलो. धाकट्या भावाला, बाळ्याला, ताप होता. त्याला वारं लागू नये म्हणून आई त्याला घेऊन माजघरात झोपली आणि तिनं दार लोटून घेतलं. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आधीच्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या आसपास धक्के बसले होते. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग पुन्हा घरात गेले. जमिनीतून गुरगुर येणं आमच्या सवयीचं झालं होतं.

आमचं घर गावातल्या बाकी घरांसारखंच. दगड मातीत बसवून रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती. आतल्या बाजूचे दगड वेगळे, बाहेरच्या बाजूचे वेगळे, दोन्हींना बांधून धरणारा मोठा दगड मधे नाहीच. वर लाकडी खांडं-तुळया आणि त्यावर माळवद, म्हणजे पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर मृगाआधी वर आणखी माती टाकायची. आज्याच्या काळापासून टाकलेली सगळी माती त्या रात्री काही सेकंदांत खाली आली. ओसरीची तुळई तिरकी पडून भिंतीला टेकली आणि तिच्या खाली आज्जी आणि मी वाचलो. माजघरात तसं काही झालं नाही.

आबा शेतातून पळत आले. दुपारपर्यंत ते हातानं आणि एका मोडक्या फावड्यानं उकरत होते. आधी आईचा हात दिसला. महालक्ष्म्यांना भरलेला हिरवा चुडा मनगटात होता, त्यातल्या दोन बांगड्या तशाच शाबूत होत्या. आज्जीनं त्या काढू दिल्या नाहीत. मग पाऊस आला. लाकूड कुठलं मिळणार? पडलेल्या घरांची खांडं ओढून सरणं रचली. ज्या खांडाखाली माणूस गेलं, त्याच खांडावर त्याला ठेवलं. आमच्याकडं लिंगायतांना पुरतात, पण त्या दिवशी कुणाचं काय करायचं हे बघायलाच कुणी उरलं नव्हतं. आई आणि बाळ्या एका सरणावर होते आणि शेजारची आणखी माणसंही त्याच सरणावर होती.

मयतीच्या घरी आपल्याकडं जे जे होतं, त्यातलं आमच्याकडं काहीच झालं नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते, कुणीतरी बळंच कडू घास भरवतं, बायका गळ्यात पडून रडतात, गेलेल्या माणसाचं एकेक बोलून दाखवतात, माहेरची माणसं येतात. इथं कोण कुणाकडं जाणार? ज्या बाईनं मला कुशीत घ्यायचं, तिचीच लेकरं मातीत होती. माझं आजोळ सास्तूरकडचं. तिथं मामाच्या घरात एकटा मामा उरला होता. तो आला, आबांच्या शेजारी बसला, आणि दोघं काही न बोलता बिड्या ओढत राहिले.

बाहेरून माणसं खूप आली. लष्कर आलं, डॉक्टर आले, तांदूळ-ब्लँकेट घेऊन ट्रक आले. त्या लोकांचे उपकार आम्ही विसरलो नाही, विसरणार नाही. पण जो येई तो विचारी, 'घरातले किती गेले?' आज्जी बोटं दाखवायची, दोन. समोरच्यानं सात सांगितले की आमच्या दोनाचं काय, असं वाटून मी मान खाली घालायची. सरकारी नोंद 7,928 मृत्यूंची आहे, बोलताना सगळे दहा हजार म्हणतात. पूर्ण जमीनदोस्त झालेली गावं 52. शाळेत मीही हे आकडे पोरांकडून पाठ करून घेते. मोठी आपत्ती आली की तुमचं माणूस त्या आकड्यात जातं, आणि पुढं अनेक वर्षं ते तिथंच राहतं. त्याच्यासाठी वेगळं रडायची सवडही नसते आणि हक्कही वाटत नाही. एवढी माणसं गेली, तुझी एकटीची आई गेली का? हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. मीच मला म्हणत आले.

पुढच्या वर्षी आबांनी दुसरं लग्न केलं. तेव्हा शेडाशेडांत अशी लग्नं लागत होती. पुरुषांना भाकरी करायला कुणी नव्हतं, लेकरांना बघायला कुणी नव्हतं. बाकीचे नावं ठेवायचे, मी कधी ठेवली नाहीत. नवी आई तेरणा नदीच्या पलीकडच्या गावची. तिचा नवरा आणि दोन लेकरं भूकंपात गेली होती. आज्जीनं मला सांगितलं, 'हिला मावशी म्हन.' मी म्हणू लागले.

मावशीचं दुसऱ्या लेकरानंतर ऑपरेशन झालेलं होतं. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांचं तसंच होतं, दोन-तीन लेकरं झाली की ऑपरेशन. मग एका पहाटेत लेकरंच राहिली नाहीत. त्या बायका नस परत जोडून घ्यायला रांगा लावून गेल्या. काहींना पुन्हा मूल झालं. मावशीला झालं नाही. दवाखान्यातून आली त्या दिवशी संध्याकाळी तिनं माझी वेणी घातली, रोजच्यापेक्षा घट्ट, आणि मी दुखतंय म्हटलं नाही.

मग नवं गाव झालं. जमिनीच्या हिशेबानं घरं मिळाली. भूमिहीन आणि लहान शेतकऱ्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 400, मोठ्या जमीनदारांना 750. जागतिक बँकेच्या मदतीनं एवढी गावं नव्यानं बसवली, हे काम लहान नव्हतंच. घरं मजबूत आहेत, आजही उभी आहेत. पण रस्ते सरळ, घरं रांगेत, आणि जुनी गल्ली पार विस्कटलेली. ज्यांच्या ओट्यावर आज्जीची दुपार जायची त्या म्हाताऱ्या जमिनीच्या एकरांप्रमाणं गावाच्या चार कोपऱ्यांत गेल्या. दुःख बोलायला शेजार लागतो. नव्या गावात तो जमायला पंधरा-वीस वर्षं लागली, तोवर म्हाताऱ्या संपल्या. शिवाय स्लॅबखाली झोपायची भीती. चांगलं पक्कं घर सोडून आम्ही बाजूला पत्र्याची खोली काढली आणि तिच्यातच झोपायचो. अजूनही कित्येक घरांच्या कडेला तुम्हाला ते पत्रे दिसतील.

आमच्या त्या घरात दोन घरांची मेलेली माणसं राहत होती आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मी आईचं नाव काढलं तर मावशीला वाईट वाटेल. मावशीनं तिच्या लेकरांचं काढलं तर आबांना वाटेल हिचं मन इथं नाही. आज्जी तर म्हणायचीच, 'रडायलालीस कशाला? रडून मेलेलं येतं का?' ती कठोर नव्हती. एकानं सुरू केलं तर सगळं घर कोसळेल, हे तिला माहीत होतं.

शिक्षण झालं. भूकंपातल्या कितीतरी मुलांना शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं, त्यात माझा एक चुलतभाऊ होता. मला आज्जीनं सोडलं नाही. मी लातूरला डी.एड. केलं, भूकंपग्रस्तांच्या दोन टक्के आरक्षणातून जिल्हा परिषदेत शिक्षिका झाले. दाखल्याची फाईल घेऊन रांगेत उभी असताना एकदा मनात आलं की ही नोकरी मला आईनं दिली. तो विचार मला सहन झाला नाही, मी रांग सोडून बाहेर जाऊन बसले.

बाहेरच्यांना वाटतं, दुःख 30 सप्टेंबरला येत असेल. माझं त्या दिवशी फारसं येत नाही. किल्लारीच्या स्मृतिस्तंभावर फुलं वाहतात, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, पुढाऱ्यांची भाषणं होतात. मी जाते, शाळेतल्या पोरांनाही नेते, आणि तो दिवस पाळलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पण त्या गर्दीत ती पुन्हा दहा हजारांतली एक असते. माझी आई मला आठवायची भलत्याच वेळी. पहिल्यांदा पाळी आली आणि कुणाला सांगावं कळेना तेव्हा. बाळंतपणाला मावशीनं सगळं केलं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, काही कमी नाही, तरी कळा येत होत्या तेव्हा तोंडातून 'माय गं' निघालं आणि मावशीनं मान वळवली. सगळ्यात जड गेलं ते माझी लेक अकरा वर्षांची झाली ते वर्ष. तिला मी एकटीला शाळेत सोडेना, रात्री तिच्या खोलीचं दार बंद करू देईना. पहाटे चारच्या आत मला जाग यायची आणि पुन्हा झोप नाही. लातूरच्या एका डॉक्टरांकडं गेले, काही महिने गोळ्या घेतल्या. झोप आली. ज्यांना गरज आहे त्यांनी लाज न बाळगता घ्याव्यात, हे मी गावातल्या बायकांना आवर्जून सांगते. पण जे आत साचलं होतं ते गोळीनं जाणारं नव्हतं.

ते हललं आबा गेले तेव्हा. आबांचं मरण साधं होतं. वय झालेलं, छातीत कळ आली, दोन दिवस दवाखान्यात, मग गेले. आणि मी पहिल्यांदा बघितलं की एका माणसासाठी गाव कसं रडतं. दारात माणूस मावेना. शेजारून जेवण आलं. बायका आल्या, मावशीच्या गळ्यात पडल्या, माझ्या गळ्यात पडल्या. कुणी आबांची शेतातली भांडणं काढली, कुणी त्यांचं भजनातलं पखवाज वाजवणं. दहाव्यापर्यंत घर आबांनी भरून गेलं होतं. आणि मला हेवा वाटत होता, माझ्याच बापाचा. आईला यातलं काही मिळालं नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी शेडात आमच्या शेजारी राहिलेली एक म्हातारी आली. बसली, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, 'तुझ्या मायच्या वक्ताला आमी कुनीच आलो न्हाई गं. आमच्या दारातच मढी व्हती.' एवढं बोलून ती आईबद्दल बोलायला लागली. पंचमीला उभ्यानं झोका खेळायची, लिंबाच्या शेंड्याला पाय लावायची. रेशन दुकानदारानं मापात मारलं तर सगळ्या बायकांच्या वतीनं भांडायची. उसनी साखर दिली तर परत मागायची नाही, पण भांडं परत आलं नाही तर चार दिवस बोलायची नाही. यातलं मला एकही ठाऊक नव्हतं. मला आठवत होता तिचा हात, बांगड्या, आणि दार लोटल्याचा आवाज. त्या दुपारी बाकीच्या बायकांनीही एकेक जोडत नेलं, आणि मी हुंदके देऊन रडले, आबांच्या सुतकात आईसाठी.

मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. बायका उठून गेल्यावर ती म्हणाली, 'माझा थोरला भात खायचा न्हाई. ताकातलीच भाकरी लागायची त्याला. तान्हीला खालचे दोन दात आले व्हते.' मग ती थांबलीच नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला तिची लेकरं 'दोन' एवढीच माहीत होती. मीही तिला तेच विचारलं नव्हतं जे मला कुणी विचारलं नव्हतं.

सुतक फिटल्यावर आम्ही दोघी जुन्या गावठाणात गेलो. सगळीकडं वेड्या बाभळी माजल्या आहेत, साप-किरडाच्या भीतीनं कुणी फिरकत नाही. दाराची पायरी आणि जमिनीत पुरलेलं उखळ यावरून आमचं घर सापडलं. मग मोटारसायकलवाल्या भाच्याला घेऊन तेरणा ओलांडून तिच्या गावाला. तिथं लिंबाचं झाड होतं, एवढंच. तिनं पायानं पाचोळा सारून मला घर दाखवलं. ही चूल, हा हौद, इथं बळद, इथं पाळणा. जिथं पाळणा होता तिथं ती बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, 'चल, ऊन झालं.'

त्यानंतर खरा प्रश्न पितृपंधरवड्यात आला. सवाष्ण गेलेल्या बाईचं आमच्याकडं अविधवा नवमीला करतात, भाद्रपद वद्य नवमीला. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. भूकंपानंतर नव्या गावात त्या दिवशी सवाष्णी पुरायच्याच नाहीत. घराघरात गेलेल्या बाया, आणि उरलेल्या थोड्या. एकेक सवाष्ण पाच-सहा घरी जाऊन एकेक घास खाऊन यायची, ओटीतले गहू पोत्यात ओतून पुढच्या घरी. आमच्याकडं आबा दरवर्षी हे करायचे, एक शब्द न बोलता. पण नवरा गेला की बायकोची नवमी बंद करायची, तिनं नवऱ्याच्या तिथीत जायचं, असं आमच्याकडचे जाणते सांगतात. म्हणजे आबा गेले आणि आईचा तेवढा एक स्वतःचा दिवसही गेला.

मी गप्पच होते. बोलली मावशी. भावकीतल्या काकांसमोर, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, 'तिची नवमी बंद करायची न्हाई. मी सैपाक करते, लेक करंल.' काका म्हणाले, शास्त्रात बसत नाही. ती म्हणाली, 'मंतर नगा म्हनू. आमी नुसतं वाढतो.' काका काही बोलले नाहीत, आणि त्या दिवशी जेवायला मात्र आले.

तेव्हापासून आमची नवमी अशी असते. मावशी पहाटे उठून वडे, कढी, गव्हल्यांची खीर करते. सवाष्ण म्हणून शेजारची सून येते, ती भूकंपानंतर जन्मलेली. जेवायला बसायच्या आधी मी तिला आईची एक गोष्ट सांगते. एका वर्षी झोक्याची सांगितली, एका वर्षी रेशन दुकानाची. तिला कळलं पाहिजे ती कुणाच्या नावानं जेवतेय. मुख्य पानाच्या शेजारी लहान पानं असतात. लहान लेकरांचं श्राद्ध करत नाहीत, त्यांना तिथी नसते. म्हणून मावशीची दोन्ही लेकरं आणि आमचा बाळ्या कुठल्याच दिवसात बसत नव्हते, ते आता नवमीत बसतात. बाळ्याला साखर घातलेली पोळी. थोरल्याला ताकात कालवलेली भाकरी. तान्हीला मऊ दूधभात, वाटीत, बोटानं भरवता येईल असा.

2001 ला भुजचा भूकंप टीव्हीवर बघताना मी बंद कर म्हणून ओरडले होते. 2014 ला माळीण दरडीखाली गेलं, 2023 ला इर्शाळवाडी. आता मी बघते. बघताना एकच वाटतं, तिथल्या लेकरांना कुणीतरी आकडा न विचारता विचारलं पाहिजे, तुझी माय कशी होती रे, बाप कसा होता. लगेच नाही जमलं तर दहा वर्षांनी विचारा, वीस वर्षांनी विचारा. त्यांना उशीर झाला असं वाटणार नाही, मला वाटलं नव्हतं. पत्रे, धान्य, घरं सगळं वेळेत पोचलं आणि हे कुणी विचारलं नाही, तर ती लेकरं माझ्यासारखी मान खाली घालून मोठी होतील.

भीती मात्र गेलेली नाही. 2022 ला निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज येत होते, 2024 च्या मार्चमध्ये हिंगोलीकडं 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. त्या सकाळी मावशीचा फोन आला, 'पोरगी कुठं झोपलीय?' मी म्हटलं, माझ्याजवळ. मग तिनं ठेवला. माझ्या घराचं दार मी रात्री कडी न लावता लोटलेलंच ठेवते. नवरा आधी रागवायचा, आता तोच जाऊन कडी काढून येतो.

मावशीला मोतीबिंदू आलाय. लातूरच्या दवाखान्यात तारीख मिळाली होती, ती नेमकी नवमीच्या आठवड्यात. तिनं ती पुढं ढकलून घेतली. मी म्हटलं, अगं, मी करते ना सगळं, तू डोळ्याचं बघ. तर म्हणाली, 'वडे-खीर करशील गं तू. थोरल्याची भाकरी तुला जमत न्हाई. ताक लई पातळ करतीस.'